डावीकडचं मागचं चाक

"बाकी काय करायचं ते करा, मिस्त्री. फक्त डावीकडच्या मागच्या चाकाला हात लावू नका," असं म्हणून भारतभाऊंनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

आता मला सांगा, दवाखान्यात जाऊन कुणी असं म्हणतं का, की सगळं तपासा पण डावा पाय राहू द्या? बार्शी नाक्यावर माझं गॅरेज आहे, एकवीस वर्षं झाली. घाईतलं गिऱ्हाईक म्हणतं, हे आज राहू द्या, पुढच्या खेपेला बघू. भारतभाऊंना घाई नव्हती. ब्रेक करा म्हणाले, एसीचा गॅस भरा म्हणाले, दाराच्या काचेची मोटार बदला म्हणाले, त्यासाठी गाडी दोन दिवस ठेवून घ्या म्हणाले. आणि जे उघड उघड बिघडलेलं होतं, नेमकं ते राहू द्या म्हणाले.

गाडी जर्मन, सोळा वर्षांची. अमरसिंह म्हणून आमच्याकडचे एक पुढारी, त्यांनी हौसेनं घेतलेली. त्या काळात लोक नुसता तिच्या दाराचा आवाज ऐकायला दार उघडझाप करून बघायचे. भारतभाऊ त्यांचे ड्रायव्हर. अकरा वर्षं त्यांनी ती चालवली. मग पुढाऱ्यानं उंच गाडीतूनच खाली उतरायचं असे दिवस आले, साहेबांनी उंच गाडी घेतली आणि ही भंगारात जायच्या ऐवजी भारतभाऊंच्या पदरात पडली. नेकनूरला दोन खोल्यांचं घर, नोकरी शाळेची व्हॅन चालवायची, आणि दारात ही महाराणी. लोक पोट धरून हसले. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू.

पण माणसानं गाडी सांभाळली हो! आरसा पुण्याहून मागवला, दिवा दिल्लीहून. मागच्या काचेचा पडदा फाटला तर त्यांच्या बायकोनं, यशोधरावहिनींनी, जुन्या साडीचा शिवून दिला. समोरची लाकडी पट्टी उखडली तर सुताराकडून सागवानी करून घेतली, आणि ती मूळच्या पट्टीपेक्षा देखणी झाली हे मी शपथेवर सांगतो.

राहिलं ते डावीकडचं मागचं चाक. या गाडीला स्प्रिंगा नसतात. चाकाच्या वर रबराचे हवेचे फुगे असतात. गाडी चालू केली की आतला लहानसा पंप ते फुगवतो आणि गाडी वर उचलली जाते. हिचा डावीकडचा मागचा फुगा झिरपायचा. गाडी उभी करून दोन-तीन तास झाले की ती मागून डाव्या अंगावर खाली बसायची. किल्ली फिरवली की म्हशीसारखी ढुंगणाकडून आधी उठायची. नेकनूरच्या स्टँडवर लोक ते बघायला एसटी सोडायचे.

"फुगा का नाही करायचा?" मी विचारलं.

"हाय ते बरं हाय," भारतभाऊ म्हणाले आणि शाळेच्या वेळेवर निघून गेले.

मला चौकशा करायची वाईट खोड आहे. बायको म्हणते, तुम्ही मिस्त्री व्हायच्या ऐवजी तलाठी व्हायला पाहिजे होतं. शेजारच्या टायरवाल्या भागवतला विचारलं, तर तो म्हणाला, साहेबाचं काहीतरी दडवून ठेवलेलं असणार त्या चाकावर. मी त्याला वेड्यात काढलं आणि तो जेवायला गेल्याबरोबर बॅटरी घेऊन चाकामागं डोकं घातलं. चिखल आणि उंदराचं जुनं घरटं. मग डिकी उघडली. तिच्यात एक फळी सापडली, दीड हात लांब, गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. कडा पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केलेल्या. ही कशाची असेल? कपडे इस्त्री करायची म्हणावी तर लहान, पोळपाट म्हणावा तर लांब. दिवसभर माझं डोकं त्या फळीभोवती फिरत राहिलं.

आणि नेमकी माझ्या मागच्या शेडमध्ये याच जातीची एक गाडी पडलेली होती, पुढून चेंदामेंदा झालेली. मागचे फुगे शाबूत. माझे हात शिवशिवायला लागले. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद म्हणायचे, गाडी अपुरी सोडायची नाही, ती तुझं नाव सांगत रस्त्यानं फिरते. मी विचार केला, भारतभाऊ भिडस्त माणूस. पार्ट मिळायचा नाही म्हणून गप्प बसले असतील. आपण गुपचूप बसवून देऊ. सकाळी उठून बघतील तर गाडी ताठ उभी!

बसवला. चार तास थांबलो, गाडी बोटभरही खाली आली नाही. मी इतका खूश झालो की भागवतला बोलावून दाखवलं. बुधवारी संध्याकाळी भारतभाऊ गाडी घेऊन गेले तेव्हा एक अक्षर बोललो नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला फोन आला.

"मिस्त्री, गाडी बसंना."

मी हसलो. म्हटलं, आता बसायचीच नाही ती, भाऊ, फुगा बदललाय.

मग त्यांनी विचारलं, "कावून केलं ओ?"

आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हता. नंतर जे सांगितलं ते त्यांनी एका दमात सांगितलं.

त्यांची आई भामाबाई. शहात्तर वर्षांची. उभा जन्म ऊसतोडीत गेलेला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं आणि भरलेल्या उसावर बसून कारखान्यापर्यंत जायचं. सहा वर्षांपूर्वी मणका गेला आणि दोन्ही पाय गेले. तेव्हापासून ती घरभर बसूनच सरकते, तळहातांवर. धान्य निवडते, स्वतःचं ताट स्वतः धुते, अंघोळीला सरकत जाते. पण तिला कुणी उचलायचं नाही. उचलून नेतात ते मढ्याला, असं तिचं म्हणणं. त्या हट्टापायी पहिलं वर्षभर ती ओट्याच्या पुढं आली नव्हती.

मग ही गाडी आली, फुगा झिरपायला लागला आणि एका सकाळी भारतभाऊंच्या ध्यानात आलं, की खाली बसलेल्या गाडीची मागची सीट ओट्याला अगदी बरोबर येते. मध्ये फळी टाकली. भामाबाई स्वतःच्या हातांनी सरकत गाडीत जाऊन बसली. दार लावलं, किल्ली फिरवली, आणि गाडी तिला घेऊन वर उठली.

"हसली, मिस्त्री. वर्षानं हसली माय माझी."

तेव्हापासून दर रविवारी ती गाडीतून निघते. कुठं उतरत नाही, लोकच दारापाशी येऊन बोलतात. महिन्यातून एकदा आष्टीच्या पुढं एका वस्तीवर, धाकट्या बहिणीकडं. ही बहीण म्हणजे चतुराबाई. दोघी एकाच टोळीत ऊस तोडायच्या. चतुराबाई घरातून येऊन मागच्या सीटवर हिच्याजवळ बसायची आणि संध्याकाळपर्यंत दोघींचं बोलणं संपायचं नाही.

त्या सकाळी वस्तीवरून निरोप आला होता, की चतुराबाईचं काही खरं नाही आणि ती सारखी आक्का आक्का करतेय. आणि इथं गाडीची सीट ओट्यापेक्षा चार बोटं वर.

"ओट्यावर दोन गोधड्या टाकल्या, पाट ठेवला. चढ लागला की हात सुटत्यात तिचे. दोनदा पडली. तरी उचलू देईना."

मी फोनवरच हवा सोडायची युक्ती सांगायला लागलो. पण फुग्याला हवा नेणारा पाइप जुना, चुकीच्या जागी पान्हा लागला तर तुटणार आणि गाडी हलणारच नाही. म्हटलं, हात लावू नका, मी आलो. शटरसुद्धा न लावता मोटारसायकल काढली. मांजरसुंब्याचा घाट मी कसा चढलो मला आठवत नाही. स्वतःला शिव्या देत होतो एवढं आठवतं. 'मला का नाही सांगितलं' म्हणून भारतभाऊंनाही एकदोन शिव्या दिल्या. पण ते काय सांगणार होते? आईची ही गोष्ट नाक्यावर सांगण्यासारखी होती का? भागवतला पुरली असती महिनाभर.

पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. भामाबाई धुतलेलं पातळ नेसून ओट्याच्या कडेला बसली होती. कोपर खरचटलेलं, मांडीवर संत्र्यांचं लहानसं गाठोडं. मी चाकाखाली शिरलो, नट सैल केला, हवा फुसफुसत गेली आणि गाडी खाली आली. नट परत आवळला. भारतभाऊंनी फळी टाकली. मी हात द्यायला पुढं झालो तर त्यांनी माझं मनगट धरलं. तिनं दोन्ही तळवे टेकले आणि तीन सरकण्यांत ती सीटवर होती.

तिथूनच मला म्हणाली, "चल तूबी, बाबा. वाटंत बिघडली तर?"

मी पुढं बसलो. पाटोदा मागं पडलं. मला राहवेना. मी मागं वळून म्हणालो, "मावशी, ते गळतं मी बंद केलं. न विचारता."

ती बाहेर बघत होती. "नीट झालं का?"

"हो."

"मग काम चांगलं केलंस की," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "इचारायचं व्हतं फकस्त."

एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वस्तीवर पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती. गाडी उभी राहिली तसं भामाबाईनं काच खाली केली आणि घराच्या दाराकडं बघितलं. नेहमी त्या दारातून बहीण यायची. आज तिची सून आली. गाडीशी येऊन पदर तोंडाला लावून म्हणाली, "तास झाला, मावशी. आक्का आली का, आक्का आली का, म्हणत व्हत्या शेवटपातुर."

तास झाला. साडेसातला फोन, निघालो नऊला. मी घड्याळाकडं बघितलं नाही. त्याची गरज नव्हती. दीड तास माझ्या त्या फुग्यानं खाल्ला होता. भारतभाऊ स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले, माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. त्यांनी मला चार लोकांत थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

गाडीपासून घराचा उंबरा वीसेक पावलांवर. मध्ये खडीमातीचं अंगण. इथं ना ओटा ना फळीचा उपयोग. भामाबाई तशीच बसून राहिली. अंगणातल्या बायका उठून उभ्या राहिल्या, पण जवळ कुणी आलं नाही. तिचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. तिनं गाठोडं सीटवर बाजूला ठेवलं, पदर खोचला.

"उचला मला," ती म्हणाली.

भारतभाऊंना ऐकू आलं नसावं किंवा खरं वाटलं नसावं. तिनं परत सांगितलं, तेवढ्याच आवाजात. मग त्यांनी तिच्या काखेत हात घातले, मी गुडघ्यांखाली. अंगण पार करताना तिनं डोळे मिटले नाहीत, की मान खाली घातली नाही. माणसांनी वाट दिली. आत नेऊन आम्ही तिला बहिणीच्या उशाशी ठेवलं.

ती रडली नाही लगेच. चतुराबाईच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळावरचे केस मागं सारले, आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. मी दाराला टेकून उभा होतो. निघून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, हा कोण.

भामाबाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"आमचा मिस्त्री हाय," ती म्हणाली. "सकाळधरनं उपाशी हाय. पाणी द्या त्याला."

सुनेनं तांब्या आणून माझ्या हातात दिला. मी उभ्या उभ्याच सगळं पाणी प्यालो.