महादूचा खिसा

महादू डावात लबाडी करतो, याबद्दल माझ्या मनात तीळभरही शंका नव्हती. वडप्याच्या रस्त्याला आमचा वजनकाटा आहे. भरलेला ट्रक चढवताना ड्रायव्हर एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवतो, रिकाम्या गाडीच्या वजनाला क्लीनरला आत लपवून बसवतो. असली सोंगं बघत माझे केस पिकले. मी माल बघत नाही, माणूस बघतो. केसरीनाथला टोपी घालणारा अजून जन्माला यायचाय.

तर महादू. वळ गावातला माझा लहानपणचा मित्र, पॉवरलूममधून रिटायर झालेला. दुपारी जेवण झालं की काट्याच्या केबिनमध्ये बुद्धिबळाला हजर. गावात माझं कुणाशी पटत नाही, स्वभावच असा. हा एकटा टिकला. तो आला नाही तर मला दुपार खायला उठते, पण हे त्याला कधी सांगितलं नाही.

खेळात दोघेही सारखेच अर्धेकच्चे. सुरुवातीच्या चाली तोंडपाठ. कॅसलिंग केलं की राजा घरात बसला, आणि मग पट भरलेला असताना पुढे काय करायचं, तिथे दोघांची बोंब. दिसलं प्यादं की मार, सापडला राजा की दे शह. म्हणून यंदा मी मनावर घेतलं, मधला डाव सुधारायचाच. माझ्या सुनेनं, निशानं, मोबाईलवर व्हिडिओ लावून दिले. समोरच्याला काय पाहिजे ते आधी ओळखा, मग आपलं जे मोहरं झोपलंय त्याला कामाला लावा. सगळं नीट ऐकलं. आणि गंमत बघा, शिकलो मी आणि जिंकायला लागला महादू. एकदा नाही, रोज.

माझं डोकंच फिरलं. डाव गुंतला की याचा हात शर्टाच्या खिशाशी जायचा. मधेच उठून तंबाखू थुंकायला बाहेर. आणि तिथे पावत्या द्यायला आलेल्या निशाशी कुजबुज. एकदा मी मुद्दाम खिडकीशी गेलो तर दोघं एकदम गप्प. काट्याचा कॉम्प्युटर निशा सांभाळते, मोबाईलवर बुद्धिबळ खेळते तीही तीच. म्हणजे घरचीच सून फितूर! मग मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. अर्धा डोळा पटावर आणि दीड डोळा महादूवर ठेवून खेळायला लागलो.

मंगळवारी काट्यावर गाड्यांची रांग होती. दोन ड्रायव्हर दारात उभे राहून डाव बघत होते. महादूनं वजीर उचलला, पुढे ठेवला आणि हात खिशाशी नेला. माझी सटकली.

"खिसा दाखव," मी म्हणालो.

आधी तो हसला. मी हसत नाही म्हटल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, बटणांचा जुना फोन, एकेक काढून त्यानं पटावर माझ्या प्याद्यांमध्ये ठेवलं. ड्रायव्हर उगाच बाहेर बघू लागले.

"केसरी, वजीर तुझ्या घोड्याच्या तोंडात दिलाय," तो म्हणाला. "परवापण दिला व्हता, मुद्दाम, तुला दिसतंय का बघायला. तुला दिसलाच न्हाय. मला वाटलं तुझे डोळे गेले. डॉक्टरकडं चल म्हटलं तर तू वसकन अंगावर येशील, म्हणून निशाला इचारत व्हतो, याला न्यायचा कसा. मी कुठं सुधारलो? मी हाय तसाच खेळतो."

सामान खिशात भरून तो निघून गेला. मी पटाकडे पाहिलं. वजीर खरंच माझ्या घोड्यासमोर होता, फुकट. माझे दोन्ही हत्ती कोपऱ्यात झोपलेले. निशाकडे बघितलं, तर ती पुढची गाडी काट्यावर घ्यायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी महादू आला नाही. त्यानंतरही नाही. रोज पट मांडायचो आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचो. कुणावर खेकसायचंही मन होईना. शेवटी पट काखोटीला मारला आणि त्याच्या घरी गेलो. आजवर तोच माझ्याकडे यायचा, मी कधी गेलो नव्हतो. दार त्यानंच उघडलं. ये म्हणाला नाही, जा पण म्हणाला नाही.

मी ओटीवर बसून मंगळवारचा डाव होता तसा मांडला आणि त्याचा वजीर माझ्या घोड्यासमोर ठेवला. माफी मागायची म्हणून आलो होतो. पण आयुष्यात कधी मागितली असेल तर ना.

महादूनं पट पाहिला. मग अंगातला शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि बिनखिशाच्या गंजीफ्रॉकवर माझ्यासमोर येऊन बसला.

"आता पटाकडं बघ," तो म्हणाला. "तुझी चाल हाय."

मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. पटाकडेच तर बघत होतो, पण डोळे भरून आले होते, आणि वजीर कुठला, घोडा कुठला, काही दिसत नव्हतं.