पाटावरची डिस्क

पॉलिसी मैथिलीनं घेतली होती, आणि ती घेतल्याचं तिनं घरात इतक्यांदा सांगितलं होतं की सासूबाईंनासुद्धा तिच्या अटी पाठ झाल्या होत्या. लॅपटॉप ऑफिसात असो, रिक्षात असो की एखाद्या सोसायटीच्या जिन्यात, तो पडला, भिजला, चोरीला गेला तर कंपनी भरून देणार. आतला डेटा परत मिळवायचा खर्चही देणार. अट एकच, बॅकअप वेगळ्या जागी हवा. म्हणून बॅकअपची डिस्क नौपाड्यातल्या ऑफिसच्या कपाटात आणि लॅपटॉप साकेतच्या पाठीवर, असा कायदाच तिनं करून टाकला होता. साकेत जन्माचा विसरभोळा. त्यामुळे नवऱ्याला कायदे शिकवायची तिला सवय लागली होती आणि, खरं सांगायचं तर, त्याची गोडीही लागली होती.

जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की घराघरांत जाऊन मोजमाप घ्यायचं, हा साकेतचा धंदा. ऑफिसचं बाकी सगळं मैथिली बघायची. सध्याचं काम डोंबिवलीच्या मधुमालती सोसायटीचं होतं आणि ते मिळालं होतं साकेतच्या आईमुळे, हेमाताईंमुळे. त्यांचा सगळा संसार त्याच इमारतीत झालेला. मुलाबरोबर घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये त्या राहायला आल्या ते आत्ता आत्ता. "हेमावहिनींचा मुलगा मोजणार, म्हणजे इंचभर कमी भरायचं नाही," असं चेअरमन हरिहर फणसे भर मीटिंगमध्ये म्हणाले होते. कुणाला केवढं नवं घर मिळणार ते या आकड्यांवरच ठरणार होतं. म्हणून लोकांनी एक अट घातली होती, की आकडे इंटरनेटवर कुठेही चढवायचे नाहीत, बिल्डरच्या हाती लागतील. साकेतनं मान्य केलं. कच्चे कागद होते, ते मैथिलीनं दसऱ्याच्या साफसफाईत रद्दीत घातले. दोन ठिकाणी नीट ठेवलेलं असताना तिसरा पसारा कशाला, असं तिचं म्हणणं.

दसऱ्याला हत्यारांची पूजा. ऑफिसात पाट मांडायला जागा नाही, म्हणून पूजा दरवर्षी घरीच व्हायची. साकेतचा लेझर मीटर, टेप, लॅपटॉप, हेमाताईंची विळी आणि कात्री, सगळं एका पाटावर. यंदा दसऱ्याच्या आधीच हेमाताई म्हणाल्या, "अगं, ती तुझी डिस्क कुठंय? एवढं तिचं कौतुक सांगतेस. लॅपटॉपला झेंडूचं फूल आणि तिला काही नाही? तिनं काय पाप केलंय?"

मैथिलीला हसू आलं. सणाचा दिवस, म्हातारीचं मन कशाला मोडायचं? शिवाय आपल्या डिस्कला कुणी मान देतंय हे तिला आवडलंही. आदल्या दिवशी येताना तिनं डिस्क स्वतःच्या पर्समधून घरी आणली. आणलीच आहे तर शेवटच्या मजल्याचे आकडेही चढवून घेऊ, म्हणून सकाळी ती लॅपटॉपला जोडली आणि तशीच, चालू, पाटावर ठेवली. कायदा करणाऱ्यानं मोडला तर त्याला सवलत म्हणतात.

साकेत दाराला तोरण बांधत होता. हेमाताई आपट्याची पानं वाहायला पुढे वाकल्या, त्यांचं कोपर तांब्याला लागलं आणि पाणी लॅपटॉपवर गेलं. "अगं बाई!" म्हणत त्या पदरानं टिपायला लागल्या. मैथिलीनं झडप घालून लॅपटॉप उचलला. डिस्क वायरला लोंबकळत पाटाबाहेर आली, सुटली आणि फरशीवर खट्कन आपटली. हेमाताई खाली बघून पाणी टिपत होत्या. साकेत आला तेव्हा लॅपटॉप बंद पडला होता, डिस्क ओल्या फरशीवर पडली होती आणि त्याची आई म्हणत होती, "माझ्या हातून झालं रे, माझ्याच हातून झालं."

मैथिलीनं तेव्हा काही म्हटलं नाही. त्या गडबडीत कोण काय म्हणणार?

डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे दोन्ही वस्तू पाठवल्या. त्यांचा फोन मैथिलीलाच आला, कारण असले फोन तीच घ्यायची. लॅपटॉपच्या आत पाणी गेलेलं, त्यातून काही निघणार नाही. "आणि डिस्क? तीही पाण्यानंच?" तिनं विचारलं. तो माणूस म्हणाला, "नाही मॅडम, डिस्कमध्ये थेंब नाही पाण्याचा. चालू असताना पडलीये ती. आतली तबकडी खरवडली गेली. नुसती भिजली असती ना, तर काढून दिलं असतं सगळं."

मैथिली गॅलरीत उभी होती. आत सासूबाई तिसऱ्यांदा पाट पुसत होत्या. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. ती आत गेली आणि म्हणाली, "नाही होणार म्हणतात. दोन्ही गेलं."

"पाण्यानं?" हेमाताईंनी विचारलं.

"हं," मैथिली म्हणाली. एवढंच. पण त्या 'हं'नंतर तिला घरात धड बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमाताईंनी देवघरातलं ताम्हन तिच्या हातात दिलं. "यापुढे पूजा तू कर. माझे हात आता भरवशाचे राहिले नाहीत. उद्या निरांजन पाडलं तर घर पेटवीन." नऊवारीतल्या आपल्या सासूच्या हातून ज्या बाईनं देवपूजा घेतली होती आणि तापातसुद्धा सोडली नव्हती, ती बाई सोफ्यावर जाऊन बसली. मैथिली रोज देवांना आंघोळ घालायची आणि त्यांच्याकडे बघायचं टाळायची. लोणच्याची बरणीही हेमाताई आता स्वतः उचलत नसत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरत.

साकेत म्हणाला, "आई किती मनाला लावून घेतेय बघ. तू समजाव ना तिला."

"समजावते," मैथिली म्हणाली, आणि भाजी चिरायला गेली. आज सांगू, उद्या सांगू असं चाललं होतं. आणि जितका उशीर होत होता तितकं ते सांगणं जड होत होतं. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून रागही येत होता. राग निघायचा साकेतवर, बिचाऱ्यावर, ओल्या टॉवेलच्या आणि चपलांच्या निमित्तानं.

मग विमा कंपनीचा सर्वेअर आला. सुशांत नावाचा, नीटनेटका, हळू बोलणारा. त्यानं लॅपटॉपचे फोटो काढले, पाट बघितला, कीबोर्डवरचं कुंकू बघितलं आणि हसू दाबत म्हणाला, "आमच्याकडेही आईनं टॅबला हळदीकुंकू लावलंय." लॅपटॉपचा क्लेम होईल, असं त्यानं सांगितलं, घर म्हणजे ऑफिसबाहेरच, आणि तुमचं कव्हर ऑफिसबाहेरचंही आहे. "पण डेटाचा नाही होणार. बॅकअप वेगळ्या जागी हवा होता. तो तर तुमच्या याच पाटावर होता."

"माझ्यामुळे," सोफ्यावरून हेमाताई म्हणाल्या. "मीच आणायला लावली, मीच पाणी सांडलं. माझं नाव लिहा त्यात. हेमा. या दोघांची काही चूक नाही."

सुशांतनं मैथिलीकडे पाहिलं. "डिस्क कशी गेली, त्याचा रिपोर्ट आहे का?"

"मागवते," मैथिली म्हणाली.

"राहू दे मग. डेटाचा क्लेमच नाही, तर रिपोर्ट कशाला?"

आणि मैथिलीला बरं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सासू समोर बसून स्वतःचं नाव लिहा म्हणत होती आणि सून मनात सुटकेचा श्वास सोडत होती. पॉलिसीच्या अटी तोंडपाठ असलेली शहाणी बाई ती हीच.

आकडे तर हवेच होते. बिल्डरबरोबरची बैठक तोंडावर आली होती. आपलं मोजमाप हातात नसेल तर तो जुन्या नकाशावर बोट ठेवणार, आणि आत घेतलेल्या गॅलऱ्या, वाढवलेली स्वयंपाकघरं हिशोबातच येणार नाहीत. सगळी इमारत पुन्हा मोजायची, याला इलाज नव्हता. साकेत एकटाच जायला निघाला तर हेमाताई चप्पल घालून दारात उभ्या. "मी येते. लोकांनी माझ्या शब्दावर दारं उघडली होती. माफी मीच मागायला हवी." मग मैथिलीलाही जावंच लागलं.

तळमजल्यावर रतनवहिनींचं दार उघडलं. हेमाताईंनी हात जोडले. हळदीकुंकवाला ज्या घरात वर्षानुवर्षं हक्कानं गेल्या, त्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाल्या, "रतन, पुन्हा त्रास द्यायला आलेय. माझ्या हातून पूजेचं पाणी सांडलं आणि तुमची सगळी मापं गेली." रतनवहिनी "अगं, त्यात काय!" म्हणाल्या, पण आतून सूनबाईचा आवाज आला, "परत? आत्ताच तर सगळी कपाटं हलवली होती." हेमाताईंनी मान खाली घातली. शेजारच्या दाराशी पुन्हा हात जोडले, पुन्हा तेच वाक्य. त्याच्या पुढच्या दाराशीही तेच. साकेत लेझर भिंतीला लावून आकडे म्हणत होता, मैथिली ते कागदावर उतरवत होती आणि प्रत्येक दाराशी तिचं अक्षर बिघडत होतं.

पहिल्या मजल्यावर हरिहर फणसे. त्यांनी पाणी दिलं, बसवलं, आणि चष्मा काढून पुसत म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. आम्ही तुमच्या भरवशावर होतो. पण इमारतीत लोक बोलतायत. बैठक तोंडावर आणि नेमकी आत्ताच मापं गेली? बिल्डरनं तुम्हाला कुणाला गाठलं वगैरे नाही ना?"

"हरिहरभाऊजी!" हेमाताई एवढंच म्हणाल्या. त्यांच्या हातातला पेला थरथरायला लागला. तो सांडेल या भीतीनं त्यांनी दुसरा हात लावला, तरी पाणी साडीवर सांडलंच. "बघा," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "असंच झालं हो. हे असंच झालं. हातच गेलेत माझे."

"नाही," मैथिली म्हणाली. ती कधी उभी राहिली तिचं तिलाच कळलं नाही. "काका, लॅपटॉपवर पाणी आईंकडून सांडलं, पण मापं नुसत्या त्यानं गेली नाहीत. मापं डिस्कमध्येही होती. डिस्क मी पाडली. लॅपटॉप ओढताना माझ्या हातून पडली. डेटा काढून देणाऱ्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, डिस्कला पाण्यानं काही झालं नव्हतं. मी घरी बोलले नाही."

साकेतच्या हातातल्या लेझरचा लाल ठिपका भिंतीवरून सरकत जमिनीवर आला. मैथिलीला वाटत होतं, फरशी दुभंगेल तर बरं. फणस्यांनी चष्मा घातला, घसा खाकरला आणि, "मोजा, मोजा तुम्ही," असं म्हणत आत निघून गेले.

जिन्यात आल्यावर मैथिली म्हणाली, "आई, मला माफ करा."

हेमाताई कठड्याला धरून उभ्या होत्या. "किती दिवस माहीत होतं तुला?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून." त्यांनी शब्द चावून बघितल्यासारखा म्हटला. "लोकांपुढे मान खाली घातली, त्याचं मला काही नाही. मीही कधी कुणावर ढकललं असेल. पण मैथिली, मी देवाला हात लावायचं सोडलं. रोज सकाळी तू माझ्यासमोर पूजा करत होतीस. तेव्हा तरी सांगायचंस गं."

मैथिलीला रडू आलं. साकेत पुढे झाला, आईचा हात धरून म्हणाला, "आई, चल, तू घरी जा. बाकीचं आम्ही करतो."

"का? मी का घरी जाऊ?" हेमाताईंनी हात सोडवून घेतला. शेवटच्या मजल्यापर्यंत सगळी दारं अजून बाकी होती. त्या एक एक पायरी चढून वर गेल्या आणि पहिल्याच दाराची बेल त्यांनी स्वतः वाजवली. दार उघडलं. त्यांनी हात जोडले.

"पुन्हा त्रास द्यायला आलोय. माझ्या हातून पूजेचं पाणी सांडलं," त्या म्हणाल्या, आणि मैथिलीकडे वळल्या. "पुढचं ही सांगेल."