कागद न कापलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, आणि तीही फक्त कापडाची. एवढं आधीच सांगून ठेवते, कारण माझ्यामुळे एकीवर नको तो आळ आला होता.

भट्टीतून निघाले ती थेट ताईच्या शिवणाच्या दुकानात आले. तिथे दोघीच असत. ताई कापायची, तिची धाकटी बहीण शिवायची. ताईचा नियम एकच: माझ्याने कागद कापायचा नाही, त्याने धार जाते. कोटाचं जाड कापड मी एका दमात कापायचे. गिऱ्हाइकं ताईच्या हाताचं कौतुक करत आणि त्यातलं थोडं मी गुपचूप लाटायचे.

मग एका सकाळी मी चालेना. बहिणीनेच कागद कापला असणार, असं ताईच्या मनाने घेतलं. तिने मला पुन्हा पुन्हा धार लावून आणली, कपाटात कुलूप लावून ठेवलं. मी झिजत गेले. बहिणीच्या मनात वेगळीच पाल चुकचुकत होती. दुपारी ताईचा हात छान चालतो, मग सकाळीच दुखतो असं कसं म्हणते? ही अंग चोरते आहे. खरं सांगते, मी कागद कापला नव्हता हे मला ठाऊक होतं, पण ताईचा संशय मलाही यायचा.

शेवटी एकदा ताईची बोटं माझ्या कड्यांत अडकली ती निघेनात. सांधे सुजलेले, गरम. बहिणीने तेल लावून एकेक बोट सोडवलं आणि तिला दवाखान्यात नेलं. तिथेही ताईने मला पिशवीतून बरोबर नेलं. दुकानात एकटी ठेवायची तयारी नव्हती!

रक्त तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या, "रोगजंतूंना अडवायला शरीरात पहारेकरी असतात. तुमचे पहारेकरी तुमच्याच सांध्यांना चोर समजून मारताहेत. म्हणून सकाळी हात आखडतो. औषध नेमाने घ्या, हात वाचेल."

 ताई बहिणीला म्हणाली, "माझं शरीरही माझ्यासारखंच निघालं गं. घरच्यांवरच संशय."

"मी तरी काय कमी केलं?" बहीण म्हणाली.

आता कपाटाला कुलूप नाही. बहिणीने माझ्या कड्यांना मऊ चिंधी गुंडाळली आहे. सकाळी ती कापते, दुपारी ताई. मित्रांनो, सकाळी कुणाची मूठ मिटत नसेल तर त्याला कामचुकार म्हणण्याआधी त्याचा हात हातात घेऊन पाहा.

काल ताईला गोळ्यांचं पाकीट फाडता येईना. तिने स्वतःच मला बहिणीच्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कापड सोडून दुसरं काही कापलं. धार थोडी गेली असेल. जाऊ दे.