टोपीत अडकलेला पेल्याचा घोडेस्वार

मी पेल्याचा घोडेस्वार बोलतोय. चाळीस पत्त्यांच्या स्पॅनिश जोडातला एक. घोड्यावर बसलेला, हातात पेला. घोडा जन्मात चार पावलं चालला नाही आणि पेल्यातून थेंबभर कुणाला पाजलं नाही, पण मिजास बघाल तर राजाची. कपाळावर अकराचा आकडा छापलाय, तेवढंच माझं शिक्षण. बोलण्यात चूक झाली तर खुशाल हसा. मीही आयुष्यभर तुम्हा माणसांना हसलोच आहे.

एका दिवसापुरतं सोडून. तो दिवस शेवटी सांगतो. लाज वाटते म्हणून शेवटी.

छापखान्यातून निघालो तो खेचराच्या पाठीवरून थेट उत्तरेला, टेक्सासात, सान आंतोनियो गावी. तिथे मला लिनोनं घेतलं. लिनो खेचरं हाकायचा आणि पत्ते खेळायचा, पण हुशारी सगळी दुसऱ्या कामात. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या कोपऱ्यावर नखानं बारीक खाच पाडली आणि माझी शाळा सुरू झाली. बाहीतून घसरायचं, मांडीखाली दडायचं, हव्या त्या घडीला हातात उगवायचं. घसरण्यात माझा हात धरणारा अख्ख्या मुलखात नव्हता.

रविवारी जेवणं उरकली की लिनो बहिणीकडे यायचा. बहीण चोना, तिचा नवरा तिबुर्सियो. अंगणातल्या काटेरी झाडाखाली डाव बसायचा, पैज अंगणातल्याच पेकनच्या, म्हणजे तिथल्या अक्रोडाच्या, दाण्यांची. तिबुर्सियो दर रविवारी हरायचा आणि दर रविवारी तेच म्हणायचा, "मेव्हण्या, तुझ्या बाहीत काहीतरी वळवळतंय."

"ढेकूण असेल, दाजी," लिनो म्हणायचा. "गरिबाच्या बाहीत दुसरं काय असणार?"

तो ढेकूण म्हणजे मी. चोना चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या थापता थापता हसायची. तिला सगळं ठाऊक होतं.

मग बंड पेटलं. आमचा मुलूख मेक्सिको देशाच्या पार वरच्या टोकाला. राजधानी इतकी लांब, की तिथून हुकूम येऊन पोचेपर्यंत तिथलं सरकार बदललेलं असायचं. अशात एका राष्ट्राध्यक्षानं घटनाच गुंडाळून ठेवली. पूर्वेकडून, अमेरिकेतून, येऊन वसलेले गोरे चिडले, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथलेच असलेले आमच्या तिबुर्सियोसारखेही चिडले. आता स्वातंत्र्य हवं म्हणून गर्जना करणाऱ्या काही जणांच्या कापसाच्या शेतात विकत घेतलेली माणसं राबत होती. मला पत्त्याला ते दिसायचं, त्यांना कसं दिसत नव्हतं कोण जाणे.

तिबुर्सियो घोडा घेऊन बंडात गेला. लिनो काही गेला नाही. म्हणाला, खेचरं दोन्ही फौजांना लागतात, तेव्हा मी आपला खेचरांच्या बाजूचा. दाजी निघताना लिनोनं आमचा अख्खा जोड तिबुर्सियोच्या खोगिराच्या पिशवीत टाकला. "जिवंत परत या, दाजी. तुम्हाला हरवल्याशिवाय माझा रविवार जात नाही."

हिवाळा सरता सरता राष्ट्राध्यक्षाची फौज गावात आली. गावातलं जुनं मिशन, म्हणजे पाद्र्यांचा मठ, लढवत बसलेले आमचे सगळे मारले गेले. पुढची रसद वाहायला खेचरं हवी होती, म्हणून फौजेनं खेचरं धरून नेली आणि त्यांच्याबरोबर लिनोलाही. गावंच्या गावं पूर्वेकडे पळत सुटली. त्या पळापळीत, एका नदीच्या उतारावर, चोनानं तिबुर्सियोला गाठलं. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पीठ दळायचा दगड. रडली नाही. एवढंच म्हणाली, "लिनो तिकडच्या फौजेत आहे. समोर आला तर सांभाळा त्याला."

त्यानं मान डोलावली. मी पिशवीत होतो, मी ऐकलं.

एप्रिलात, दलदलीकाठच्या गवताळ रानात, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. तेव्हा बंडातल्या आमच्या भाषेच्या वीसएक जणांची पंचाईत झाली. शत्रू आमच्याच रंगाचा आणि आमच्याच भाषेत शिव्या देणारा. गोरे सोबती ओळखणार कसे? ठरलं असं, की टोपीत पुठ्ठा खोचायचा. ज्याच्या टोपीत पुठ्ठा तो आपला, नाही तो मेला. त्या रानात पुठ्ठा कुठून मिळायला? आमचा जोड फुटला. राजा एकाच्या टोपीत, सत्ती दुसऱ्याच्या. मी तिबुर्सियोच्या.

काय रुबाब होता माझा! बाहीतला ढेकूण स्वातंत्र्याचा झेंडा झाला होता.

लढाई म्हणाल तर अर्ध्या तासात आटपली. दुपारच्या झोपेत होती ती फौज. मारणं मात्र दिवस मावळेपर्यंत चाललं. हात वर केलेलेही सुटले नाहीत. तिबुर्सियो दलदलीच्या कडेनं चालला होता, मागून बर्डेट नावाचा गोरा सोबती आणि आणखी एक जण येत होते. लव्हाळ्यातून एक माणूस उठला. कमरेपर्यंत चिखल, दोन्ही हात वर.

"दाजी, मीच. बंदुकीला हात लावला नाही हो, नुसती खेचरं हाकली." मग त्याची नजर वर गेली, माझ्यावर, आणि तशातही तो हसला. "माझाच पत्ता मिरवताय होय? द्या आता परत."

तिबुर्सियोचा हात टोपीकडे आला. अंगठा माझ्या खाचेवर टेकला. मला उपसून लिनोला दिलं तर मेव्हणा वाचणार, स्वतःचं डोकं उघडं पडणार. तेवढ्यात बर्डेट पोचला. त्यानं बंदुकीच्या नळीनं लिनोकडे दाखवलं आणि भुवया उडवल्या. तुझा कोणी?

अंगठ्यानं मला खाली दाबलं. तिबुर्सियोनं मान हलवली. नाही.

गोळीचा आवाज झाला. लिनोचा चेहरा मी बघितला नाही, असं सांगितलं असतं. पण पत्त्याला डोळे मिटता येत नाहीत.

तिबुर्सियोला काय बोलू? त्याला जिवाचं भय होतं, तो माणूस होता. मी तर नुसता पत्ता. वाऱ्यावर घसरून चिखलात पडलो असतो, लिनोच्या हाताशी. जन्मभर जिथे नको तिथे घसरलो, पेकनच्या चार दाण्यांसाठी घसरलो. आणि त्या एका घडीला तिबुर्सियोच्या घामानं टोपीला चिकटून बसलो.

आम्ही जिंकलो. टेक्सास स्वतंत्र झाला, एका चांदणीचा झेंडा चढला, नाचगाणी झाली. चोनानं विचारलं, लिनो दिसला का? तिबुर्सियो म्हणाला, नाही. मग ती रविवारी लिनोचं ताट वाढू लागली. नोव्हेंबरात घरोघरी मेलेल्यांसाठी दिवे लागायचे, ती आईबापासाठी लावायची, लिनोसाठी नाही. म्हणायची, बेपत्ता माणसाला मेलेला धरायचा नसतो. अशी सहा वर्षं. तिबुर्सियो त्या ताटासमोर बसून जेवायचा. कसा घास उतरत होता त्यालाच माहीत.

सहाव्या वर्षी दक्षिणेची, मेक्सिकोची, फौज पुन्हा एकदा गावावर येऊन गेली, आणि आमच्या भाषेचा प्रत्येक माणूस हेर ठरला. बंदुका घेऊन नवे लोक दारात आले. जमीन सोडा, म्हणाले. तिबुर्सियोनं मला टोपीतून काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांतला एक हसला, एका पत्त्यावर डाव होत नाही म्हाताऱ्या, म्हणाला. पण मग त्यानं मागे वळून विचारलं, हा खरंच आपल्याकडून लढला का?

मागे बर्डेट उभा होता. त्यानं तिबुर्सियोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही.

तीच मान, तसंच हलणं.  तिबुर्सियोनं बैल आणून गाडी जुंपली.

गाव मागे पडल्यावर त्यानं चोनाला सगळं सांगितलं. बैलांच्या शेपटांकडे बघत सांगितलं.  ती म्हणाली, "पत्ता मागताना हसला होता?"

"हो."

"म्हणजे तोच." तिनं हात पुढे केला. "आणा इकडे. त्याचा आहे तो."

आता नदीपलीकडे, दक्षिणेत, मेक्सिकोत, भाड्याच्या एका खोलीच्या कोनाड्यात मी असतो. नोव्हेंबरात माझ्यापुढे दिवा लागतो, वाटीभर गरम पातळ चॉकलेट आणि मूठभर पेकन ठेवतात. चोना नवऱ्याला दोन वेळ वाढते. बोलत नाही. इथले लोक तिबुर्सियोला फितूर म्हणतात, तिकडचे हेर म्हणतात. मला मात्र इथे देवासारखं ठेवलंय, आणि तेच मला सोसत नाही.

तुमच्या घरी पत्त्यांचा जोड असेलच. मोजताना एखादा कमी भरला तर चिडू नका, पोरांना बोलू नका, शोधत बसू नका. वेळेवर पडायची अक्कल त्याला आली असेल. मला आली नाही.