जांभळा जिंकला

पंचांच्या घरात कुठलाही वाद अनिर्णित राहत नसे. चहात साखर कमी पडली की जास्त, शेजाऱ्यांचा कुत्रा आधी भुंकला की बायको आधी ओरडली, सगळ्याचा निकाल ते तिथल्या तिथे लावत: दहा-नऊ. दहा बहुतेक वेळा त्यांनाच मिळत. मुष्टियुद्धाच्या सामन्यांत पंच म्हणून, फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ गुण देत, बसून बसून माणसाला अशी खोड लागते. ‘माहीत नाही’ हे शब्द बायकोने त्यांच्या तोंडून लग्नापासून ऐकले नव्हते.

बायको लाँड्री चालवायची. मुष्टियुद्ध संघटनेचे टॉवेल आणि बनियन तिच्याकडेच यायचे, आणि त्याच कामावर लाँड्री तग धरून होती. निवडीच्या सामन्याआधी तिने एक लाल आणि एक निळा बनियन एकाच मशीनमध्ये, कढत पाण्यात टाकला. लाल बनियन अध्यक्षांनी स्वस्तात आणला होता, आणि स्वस्तातल्या रंगाला लाज नसते. बाहेर आले ते दोन्ही जांभळे.

"चालतंय," अध्यक्ष म्हणाले. "कोपरे आहेत ना लाल-निळे!"

कोपरे होते, पण कोपऱ्यात उभं राहून कोणी लढतं का? लाल कोपऱ्यातून बेकरीवाला निघाला, निळ्यातून सुतार. वजन सारखं, उंची सारखी, डोकी सारख्याच टोप्यांत बांधलेली. दोघांनी मधोमध एकमेकांभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि कारभार आटोपला. एक जांभळा दुसऱ्या जांभळ्याला बडवू लागला. घंटा झाली की दोघं आपापल्या कोपऱ्यात जायचे, आणि मघाशी आपण ज्याला मनात शाबासकी दिली तो बहुधा हाच, असं पंच स्वतःला समजवायचे. पण गुणपत्रिकेत ‘बहुधा’चा रकाना नसतो. त्यांनी लाल रकान्यात दहा लिहिले. उरलेल्या दोन पंचांपैकी एकाने लालला दिले, एकाने निळ्याला. म्हणजे यांच्याच एका आकड्यावर बेकरीवाला मोठ्या स्पर्धेसाठी निवडला गेला, आणि सुताराने तक्रार ठोकली.

"अहो, खरं सांगा," बायकोने विचारलं. "दिसलं होतं तुम्हाला?"

"लख्ख."

"दोघं जांभळे असताना?"

पंच चिडले. "अगं, दिसलं नाही म्हटलं तर माझी खुर्ची जाईल आणि तुझं काम. बनियन तुझ्याच मशीनमधून निघालेत!"

"मग माझी चूक मी सांगेन. माझ्या नावावर तुमचं खोटं खपवू नका. त्या हरलेल्या पोरानं तुमचं काय घोडं मारलंय?"

यावर दहा-नऊ न देताच पंच चपला घालून बाहेर पडले.

सुनावणीला अध्यक्ष समिती घेऊन वेळेवर आले. ते पेशाने दंतवैद्य. त्यांनी आधी दोन्ही खेळाडूंना आ करायला लावलं. ज्याचे दात जास्त हलतील तो हरला, इतकं सोपं होतं त्यांच्या मते. पण सुताराचे दात लहानपणापासून हलत होते, आणि बेकरीवाल्याने एक दात स्वतःच्याच टोस्टवर मोडून घेतला होता. मग बेकरीवाल्याच्या मामाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लावला. त्यात तिन्ही फेऱ्या फक्त बेकरीवाल्याची आई दिसत होती, मुठी आवळून ओरडत असलेली. समितीने तो दोनदा पाहिला आणि आईला एकमताने दहा दिले.

शेवटी पंचांना उभं केलं. "तुम्हाला दोघं वेगळे ओळखू येत होते ना?"

मागच्या बाकावर बायको बसली होती. तिच्याशेजारी सुतार नखं खात होता.

"नाही," ते म्हणाले. "मला दिसलं नाही. मी अंदाजाने लिहिलं."

दुसरे पंच लगेच उठले. "मला लख्ख दिसलं. बेकरीवाला जिंकला."

तिसरेही उठले. "मलाही लख्ख दिसलं. सुतार जिंकला."

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायला हे दोघं काही खुळे नव्हते. अध्यक्षांचा चेहरा मात्र खुलला. "म्हणजे दोघे म्हणतात दिसत होतं, एक म्हणतो नव्हतं. दोन विरुद्ध एक. पंच, तुम्हाला दिसलं होतं, असा निकाल लागलेला आहे."

"अहो, पण डोळे माझे आहेत!"

"निकाल बहुमताने लागतो. डोळ्यांनी नाही."

सगळ्यांना सगळं दिसलं होतं म्हटल्यावर बनियनांचाही दोष उरला नाही. पंचांची खुर्ची राहिली, लाँड्रीचं काम राहिलं, बेकरीवाल्याची निवड राहिली. सुतार मान खाली घालून निघून गेला. आयुष्यात पहिल्यांदा पंचांना आपण हरलो असं वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पंच लाँड्रीत बसले असताना सुतार आला. मागोमाग बेकरीवाला.

"काका, मला झोप नाही," बेकरीवाला म्हणाला. "गिऱ्हाईकं मला जांभळा म्हणतात. आम्ही परत खेळतो. हा जिंकला तर मी पाठ धरलीय असं सांगून नाव मागे घेतो. फक्त तुम्ही बघा."

"नीट बघा," सुतार म्हणाला.

मागच्या अंगणात चादरी वाळत होत्या. बायकोने त्या सरकवून जागा केली, सुताराच्या कमरेला पांढरा टॉवेल बांधला आणि घंटा म्हणून घमेलं हाती घेतलं. पंच पालथ्या बादलीवर बसले. एकेक ठोसा त्यांनी असा पाहिला जणू तो त्यांनाच बसतोय. सुतार जिंकावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. तिसरी फेरी संपल्याचं घमेलं वाजलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते, न मिटल्यामुळे आणि दुसऱ्याही कारणाने.

"पहिली फेरी तुझी," ते सुताराला म्हणाले. "पुढच्या दोन्ही त्याच्या. डावा हात खाली सोडतोस. तू हरलास रे."

सुताराने कमरेचा टॉवेल सोडून त्यालाच नाकाचं रक्त पुसलं. मग तो हसला, अगदी हलत्या दातांसकट.

"आता कसं, काका! आता हरलो."

"आण तो टॉवेल इकडे," बायको म्हणाली. "वेगळा धुते."