विंचवाला एकसष्ट टक्के

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये गजेंद्र रंगाच्या छटा जुळवायचं काम करी. व्यापारी पार्टीने पाठवलेला साडीचा तुकडा दिव्याखाली धरायचा आणि कुठला रंग किती घातला म्हणजे तंतोतंत तीच छटा उतरेल ते सांगायचं. हाताखाली माणसं होती, मालकाचा विश्वास होता, डिंडोलीत दोन खोल्यांचं स्वतःचं घर होतं. तरी त्याला खरा अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि ती गोष्ट बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

फेसबुकवर 'तापीकाठची दंगल' नावाचं एक पान होतं. चाळीस हजार लोक ते वाचत. ते पान गजेंद्रचं होतं.

तो लहान असताना दर हिवाळ्यात लिंबायतच्या मैदानावर 'महाबली दंगल' हा कुस्तीचा खेळ उतरायचा. कुस्ती ठरवलेली असे. कोण जिंकणार, कोण दगा देणार, कोण रक्त पुसत पुढल्या रविवारी सूड घ्यायची शपथ घेणार, सगळं आधीच ठरे. पहिलवान मात्र खरे आणि उड्याही खऱ्या. त्यातला नायक म्हणजे 'तापीचा वाघ' आणि खलनायक 'काळा विंचू'. विंचवाच्या तोंडावर काळा मुखवटा असे, तो कधी निघत नसे. खानदेशातून आलेली कामगारांची पोरं वाघासाठी घसा फोडत आणि विंचवावर भुईमुगाची टरफलं फेकत. गजेंद्रही फेके.

एकोणीस वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका रविवारी, वाघाने सगळ्यात वरच्या दोरावरून उडी घेतली. खाली विंचवाने त्याला झेलायचं होतं. तो झेल चुकला. वाघ मानेवर पडला आणि अकराव्या दिवशी गेला. त्याचं खरं नाव मगन. खेळ बंद पडला तो कायमचा.

चार वर्षांपूर्वी गजेंद्रने लिहायला घेतलं ते तिथूनच. वाघ त्या दिवशी वाचला असता तर? त्याने वाघाला दवाखान्यातून उठवलं. काठी टेकत परत रिंगणात आणलं. पुढची एकोणीस वर्षं त्याने एकट्याने रचली, कुठली लढत कुठे, कोण कुणाला फितूर, विजेत्याचा पट्टा कुणाकडे. तारखांसकट. लोक वेडे झाले. "भाऊ, हेच खरं व्हायला पाहिजे होतं," असं कुणी लिहिलं की त्याला मिलमधल्या वाफेतही गारवा वाटे.

पण सुडाशिवाय कुस्तीची गोष्ट चालत नाही, आणि सूड घ्यायला कुणीतरी गुन्हेगार हवा. मागच्या श्रावणात त्याने ठरवलं, वाघ चुकून पडलाच नव्हता. कुणीतरी वरचा दोर आधीच सैल केला होता. कुणी? जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता त्याने पानावर मतदान लावलं. पर्याय तीन : मालक, पंच, काळा विंचू. दोन दिवसांत साडेसहा हजार मतं पडली. विंचवाला एकसष्ट टक्के.

मग त्याने तो भाग लिहिला, आणि तो इतका रंगला की त्याचे आधीचे सगळे भाग फिके पडले. त्याच भागाखाली कुणीतरी लिहिलं, "विंचू म्हणजे आमच्या डिंडोलीतला घंटीवाला शालिग्राम. माझ्या काकाने त्याला मुखवट्याशिवाय पाहिलंय."

सुरतेत पिठाच्या गिरणीला घंटी म्हणतात. शालिग्रामच्या घंटीवर गजेंद्रच्या घरचे गहू दळले जात. गजेंद्र त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिला. ती पुसायला एक बोट पुरलं असतं. पण त्या एका ओळीखाली तासाभरात दोनशे माणसं बोलायला लागली होती, आणि ती गंमत त्याला सोडवेना. त्याने त्या ओळीवर लाल बदाम ठोकला आणि ती सगळ्यांत वर चिकटवून ठेवली.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्याची बायको सुषमा दळण तसंच परत घेऊन आली.

"घंटी बंद आहे," ती म्हणाली. "शटरवर कुणीतरी ऑइलपेंटने लिहिलंय, 'वाघाचा खुनी'. शालिग्रामकाका रॉकेलने पुसत बसलेत. निघत नाही ते."

गजेंद्रने हातातला मोबाइल उपडा ठेवला.

"तुमच्या त्या पानामुळे का हो?"

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. आयुष्यात बायकोशी तो फार खोटं बोलला नव्हता. हे खोटं तिला लगेच कळलं, आणि ती पुढे काहीच बोलली नाही, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

त्या संध्याकाळी त्याने ती ओळ काढली. मग पानावर साधं, सरळ लिहिलं : दोर कुणी सैल केला नव्हता, तो अपघात होता, ही सगळी गोष्ट मी मनाने रचली आहे, विंचवाची भूमिका करणाऱ्या माणसाला त्रास देऊ नका. पाऊण तासात उत्तरं आली. "वा भाऊ, काय वळण घेतलंय." "म्हणजे लेखकालाच विंचवाने धमकावलं, असा पुढचा भाग आहे ना?" "मस्त. विंचू आता लेखकाच्या मागे." त्याने पुन्हा लिहिलं की ही गोष्ट नाही, हे खरं सांगतोय. त्यावर आणखी टाळ्या पडल्या. या खेळात पहिलवान रडतो तेही ठरवलेलं असतं, हेच त्याने वाचकांना चार वर्षं शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो घंटीवर गेला. शटरवरची अक्षरं पुसून पुसून फिकट तांबडी झाली होती, पण वाचता येत होती. शालिग्राम आत स्टुलावर बसला होता. साठीचा माणूस, खांदे अजून रुंद, भुवयांवर पीठ. त्याने गजेंद्रला ओळखलं आणि अहिराणीत विचारलं,

"दळन आनलं का?"

"नाही काका." गजेंद्र उभाच राहिला. "ते मोबाइलवर जे चाललंय ना, विंचवाचं... ते मी लिहितो."

शालिग्रामने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या गिऱ्हाइकाने भलतंच धान्य आणावं तसं.

"तू लिखस? माले वाटनं, कोनी मोठा मानूस व्हई."

गजेंद्रला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"नातू वाची दाखाडस माले," शालिग्राम म्हणाला. "चांगलं लिखस तू. मगनले जित्ता ठेवा तू, ते वाचीसन माले बरं वाटे. मंग ते दोरनं ऊनं." तो हाताचे तळवे मांडीवर पुसू लागला. पीठ कुठलं जातंय. "दोर नही रे भो. दोर पक्का व्हता. मना हातमा ऊना व्हता तो. घाम व्हता हातले. सुटना."

म्हणजे मगन त्याच्या हातात आला होता, आणि सुटला होता. एवढं त्याने एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. आणि आता सांगितलं होतं ते नेमकं गजेंद्रला.

"काका, मी दुसरा भाग लिहितो," गजेंद्र घाईघाईने म्हणाला. "त्यात तुम्ही झेलता त्याला. सगळ्यांसमोर. मुखवटा काढून."

शालिग्रामने नकाराची मान हलवली. मग म्हणाला, "आते काही लिखू नको." आणि थोड्या वेळाने, "रुक्मिणी. मगननी बायको. बारडोलीले ऱ्हास. दर भाऊबीजले मी जास तिनाकडे. औंदा फोन करा, तिने उचला नही. पाच येळा करा." त्याने पहिल्यांदा गजेंद्रच्या डोळ्यांत पाहिलं. "शटरनं सोड. तिले जाईसन सांग."

भाऊबीजेला दोन आठवडे होते. गजेंद्रने रजा टाकली आणि बारडोलीची एसटी पकडली. साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू व्हायच्या बेतात होता, उसाच्या गाड्या रस्त्याकडेला लागल्या होत्या. वाटेभर त्याने बोलायची वाक्यं जुळवली. लिहिणारा माणूस होता तो. बसमधून उतरेपर्यंत त्याच्याकडे चांगली वाक्यं तयार होती, आणि रुक्मिणीबाईंनी दार उघडल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघेना.

पन्नाशी उलटलेली बाई. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याच्या कामावरून नुकती आलेली. गजेंद्रने आपण कोण ते सांगितलं. त्यांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, खुर्ची दिली. खुर्चीसमोरच्या भिंतीवर वाघाच्या पट्ट्यांची चड्डी घातलेल्या मगनचा फोटो होता, हार घातलेला.

"सगळं वाचलंय मी," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. मुलीने लावून दिलं. रोज रात्रीची भांडी घासून झाली की एक भाग वाचायचा. तुम्ही त्यांना पुण्याला नेलं, कोल्हापूरला नेलं. मला वाटायचं, बरं आहे, फिरतायत." त्या थांबल्या. "मग तुम्ही त्यांचं दुसरं लग्न लावलंत."

गजेंद्र ते विसरून गेला होता. तिसऱ्या वर्षी कथा जरा मंदावली होती, म्हणून त्याने वाघाचं मालकाच्या मुलीशी लग्न लावलं होतं. रिंगणात मांडव घालून, फटाके उडवून. त्या भागालाही खूप बदाम मिळाले होते.

"मावशी, मला ठाऊक नव्हतं की तुम्ही..."

"बायको असेल, एवढं तरी ठाऊक असायला हवं होतं." हे त्यांनी आवाज न चढवता म्हटलं. "जाऊ दे. ते खोटं आहे हे मला कळत होतं. दोराचं मात्र कळेना. ते खोटं आहे की कुणी तुला येऊन सांगितलं?" बोलता बोलता त्या 'तू'वर आल्या होत्या.

"मी रचलं ते. शपथ घेतो."

"शपथा काय, त्यांच्या खेळातही घ्यायचे." त्या त्याच्यासमोर पाटावर बसल्या. "हे बघ. अकरा दिवस मी दवाखान्यात होते. शालिग्रामभाऊ बाहेर बाकावर बसून असायचे, एकदाही आत आले नाहीत. मला तेव्हापासून खुपतंय, का आले नाहीत? मी कधी विचारलं नाही. एकोणीस वर्षं ओवाळलं त्यांना, आणि विचारलं नाही. मग तुझं वाचलं आणि वाटलं, हे बाहेरच्या माणसालाही ठाऊक आहे. म्हणून विचारते. कुणी सांगितलं तुला?"

त्यांना पटवायचं कसं, हे गजेंद्रला एकाच तऱ्हेने सुचत होतं, आणि ते करायला त्याचा हात उठत नव्हता. शेवटी त्याने मोबाइल काढला आणि ते मतदान उघडून त्यांच्या हातात दिलं.

त्या चष्मा लावून सावकाश वाचू लागल्या. वाघाला कुणी पाडलं? मालक, चोवीस टक्के. पंच, पंधरा टक्के. काळा विंचू, एकसष्ट टक्के. खाली हसऱ्या तोंडांची रांग. आणि त्याखाली गजेंद्रने स्वतः लिहिलेलं, 'चला लवकर मतं टाका, माझा डबा संपत आलाय.'

"म्हणजे लोकांनी मालकाचं नाव घेतलं असतं तर मालक?"

"हो."

"पंचाचं घेतलं असतं तर पंच."

"हो, मावशी."

त्यांनी ते परत वरपासून वाचलं. डब्याची ओळ बोटाने खाली सरकवून दोनदा वाचली. गजेंद्र फरशीकडे बघत होता. कुणी थोबाडीत मारली असती तर त्याचं काहीतरी करता आलं असतं, गाल चोळता आला असता. त्यांनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला आणि चष्मा घडी करून डबीत ठेवला.

"मग का आले नाहीत आत ते? तुला काही बोलले?"

गजेंद्रला ठाऊक होतं. घाम, हात, सुटना. चार शब्दांत सांगता आलं असतं, आणि सांगावंसंही वाटलं, कारण सांगितलं असतं तर तो इथून काहीतरी देऊन गेला असता. पण हे सांगणं त्याचं नव्हतं. दुसऱ्याचं सांगून सांगूनच तो इथवर आला होता.

"ते त्यांनाच विचारा," तो म्हणाला.

रुक्मिणीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांनी चहा ठेवला नाही. दारापर्यंत आल्या, तेवढंच.

परत आल्यावर त्याने पान बंद केलं. चार वर्षांचं लिहिलेलं एका मिनिटात गेलं. सुषमाला त्याने सगळं सांगितलं, डब्याच्या ओळीसकट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शटरचा रंग तरी आणून द्या." तो रंगाचा डबा घेऊन गेला, तर शालिग्रामच्या नातवाने शटर आधीच हिरवं रंगवून टाकलं होतं.

भाऊबीजेच्या दुपारी गजेंद्र सासुरवाडीला निघाला होता. घंटीचं शटर अर्धं वर होतं. आत स्टुलावर शालिग्राम आणि गव्हाच्या पोत्यावर रुक्मिणीबाई बसल्या होत्या. ताट खाली तसंच होतं, निरांजन लावलेलं नव्हतं. शालिग्राम आपले दोन्ही तळवे पुढे धरून काहीतरी सांगत होता आणि रुक्मिणीबाई त्या तळव्यांकडे बघत होत्या. गजेंद्रने मोटारसायकल वळवली आणि मागच्या गल्लीने गेला. पुढे काय झालं, त्यांनी ओवाळलं की नाही, हे त्याला कळलं नाही. त्याने कुणाला विचारलंही नाही. सुषमा दळण अजून तिथेच नेते. तो स्वतः त्या रस्त्याने जात नाही.

पण गोष्ट थांबली नाही. दिवाळीनंतर कुणीतरी आधीच उतरवून ठेवलेले त्याचे सगळे भाग नव्या पानावर टाकले आणि पुढचेही लिहायला घेतले. तिथे विंचू अजून खुनी आहे, दर शनिवारी नवं कपट करतो. गजेंद्रने त्या माणसाला हात जोडून तीन निरोप पाठवले. उत्तर म्हणून एक हसरं तोंड आलं.

आता दर शनिवारी नवा भाग पडला की तो खाली लिहितो, "हे खोटं आहे. हे मी रचलं होतं. गजेंद्र पाटील, डिंडोली." लोक हसतात. कुणी विचारतं, हा कोण नवा पहिलवान? तो उत्तर देत नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच लिहितो.