झालेल्या दाढीची दाढी

वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत आला आणि पात्यावर नुसता फेस गोळा झाला. न्हाव्याने पाते टॉवेलला पुसून पुन्हा फिरवले. एक केस नाही. डॉक्टरची दाढी सकाळीच झालेली होती.

झालेली दाढी करून घ्यायला आलेले गिऱ्हाईक त्याने छत्तीस वर्षांत पाहिले नव्हते. त्यातून हा डॉक्टर रविवारचा, आणि आज बुधवार. त्याची पहिली दाढी याच खुर्चीत झाली होती. तेव्हा पाहायला का होईना, चार केस होते. न्हावी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

याच डॉक्टरने त्याला रक्तदाबाची गोळी सुरू केली होती. दाब उतरला, पण संध्याकाळपर्यंत घोटे असे फुगायचे की चपलेचे पट्टे मांसात रुतायचे. बायको रोज ते वळ बघून गप्प बसायची. ती गप्प बसली की घरात चहासुद्धा गार व्हायचा. शेवटी त्याने उपाय काढला. सकाळी तिच्यादेखत गोळी तोंडात टाकायची, जिभेखाली धरून दुकानापर्यंत आणायची आणि बेसिनमध्ये सोडायची. दोन आठवड्यांत सूज गेली.

"बघा, लागू पडली की नाही गोळी?" बायको म्हणाली. किती दिवसांनी हसली होती. आता तिला काय सांगणार? गोळी लागू पडलीच असेल तर बेसिनला.

"काल काकू दवाखान्यात आल्या होत्या," आरशातला डॉक्टर म्हणाला.

"कशाला?"

"आभार मानायला. सूज उतरली म्हणे."

न्हाव्याने घाईने ब्रश त्याच्या ओठांवरून फिरवला. ओठांवर फेस असला की शहाणा माणूस बोलत नाही. मग वस्तरा गळ्याशी नेला, आणि तिथे तर माणूस गिळतसुद्धा नाही. ज्या गळ्यावर काहीच नव्हते तो त्याने तीनदा तासला.

"आज फार बारीक काम चाललंय," बाकावरचे निवृत्त हेडमास्तर पेपरामागून म्हणाले. ते रोज येत. डोक्याला केस नसले तरी दुकानात पेपर होता.

काम कधीतरी संपणारच होते. डॉक्टरने स्वतःच टॉवेल ओढून तोंड पुसले.

"काका, मी गोळी बदललेली नाही. मग सूज कशी उतरली?"

न्हाव्याने धुतलेला ब्रश पुन्हा धुवायला घेतला.

"बसा इथे."

"खुर्चीत? गिऱ्हाईक बघतंय."

"बघू दे."

डॉक्टरने बॅगेतून यंत्र काढून त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. न्हावी आरशात स्वतःला सोडून बाकी सगळे बघत राहिला.

"एकशे अठ्ठ्याऐंशी."

"शंभरापैकी?" हेडमास्तरांनी विचारले. कोणी हसले नाही, तेव्हा त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"कधीपासून बंद आहे?"

"तीन आठवडे." न्हावी खाली बघून म्हणाला. "हिला सांगू नका."

"ते तुम्हीच सांगा. काका, एखाद्या सकाळी वस्तरा उचलायला जाल आणि हात वर येणार नाही. सूज त्या गोळीचीच होती. गोळी कमी करून जोडीला दुसरी दिली असती, तर बहुतेक सूज उतरली असती. त्यासाठी गोळीच टाकून द्यायची? मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"दोन महिन्यांपूर्वी. तुम्ही लिहीत होतात. 'होतं असं' म्हणालात आणि घंटी वाजवलीत. पुढचा पेशंट आत आला."

हे तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही. पुढचे गिऱ्हाईक बाकावर असले की त्याचाही हात जरा भरभरच चालायचा.

कापलेल्या केसांनी भरलेल्या फरशीवर डॉक्टर गुडघे टेकून बसला, न्हाव्याची चप्पल काढली, पाय आपल्या मांडीवर घेतला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला.

"डॉक्टर, पँटला केस चिकटतील."

"चिकटू द्या. सूज किती वाजता यायला लागायची?"

"दुपारपासूनच," न्हावी म्हणाला. "आधी डावा."